नात्यातलं लग्न आणि मुलांमधले जनुकीय आजार: आकडे, तपासण्या आणि त्यांचा क्रम

सरळरेघ (धागाकर्ती)

हा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं येतात. "नात्यात लग्न केलं की मुलं अधू निपजतात" आणि "माझ्या माहितीतली सगळी ठणठणीत आहेत". जोडप्याला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. इथे आकडे, हिशेब, तपासण्या आणि त्यांत कुठे गोची होते एवढंच लिहूया. लग्न करावं की करू नये यावरची भांडणं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कुठल्याही जोडप्याच्या बाळात मोठा जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. आईवडील सख्खी चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं असतील तर तिच्यात १.७ ते २.८ टक्क्यांची भर पडते, असं अमेरिकेतल्या जनुकीय समुपदेशकांच्या संघटनेने २००२ साली आधीचे अभ्यास एकत्र करून सांगितलं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला हजारो बाळांचा मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली आले. तिथे ३ टक्क्यांचे सुमारे ६ टक्के झालेले दिसले, आणि गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही फरक उरला. त्याच अभ्यासात वय वाढलेल्या गोऱ्या ब्रिटिश आयांच्या बाळांतही धोका जवळपास तसाच वाढलेला होता. त्यावर मात्र कुणी भुवया उंचावत नाही.

आता मुद्दा. हे ६ टक्के सरासरीचे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक जोडप्यांचा जादा धोका नगण्य असतो, आणि थोड्या जोडप्यांचा प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के. नेमके ६ टक्के वाट्याला आलेलं जोडपं शोधून सापडणार नाही. त्यामुळे "आमचा धोका किती?" यापेक्षा "आम्ही कुठल्या गटात?" हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर बऱ्याच अंशी मिळू शकतं.

असं का होतं, तर भर पडते ती मुख्यतः अप्रभावी आजारांची. हे आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात. एकच सदोष असलेला माणूस वाहक असतो आणि सहसा निरोगी. आजोबांकडे अशी एक सदोष प्रत होती असं धरा. ती नातवाकडे पोचण्याची शक्यता चारात एक, नातीकडे पोचण्याचीही चारात एक, दोघांकडे असण्याची सोळात एक. दोघं वाहक असले तर मूल आजारी होण्याची पुन्हा चारात एक. म्हणजे एकूण चौसष्टात एक. आजीकडच्या प्रत्येक सदोष प्रतीसाठी पुन्हा तेवढीच. प्रत्येकाच्या अंगात अशा काही प्रती असतातच, फक्त त्या कोणत्या हे आपल्याला ठाऊक नसतं.

डाउन सिंड्रोमचा याच्याशी संबंध नाही. तो गुणसूत्रांच्या वाटणीतल्या चुकीने होतो आणि त्याचं नातं आईच्या वयाशी. एकाच सदोष प्रतीने होणारे प्रभावी आजारही नात्यामुळे वाढत नाहीत.

अर्धवर्तुळ

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

"जवळचं नातं" म्हणजे किती जवळचं, हे मोजायची रीत सांगतो. स्यूअल राइट यांनी १९२२ साली दिलेली, अजून तीच वापरतात. आईपासून सामाईक पूर्वजापर्यंत वर जायचं आणि तिथून वडिलांपर्यंत खाली यायचं. आई आणि वडील धरून वाटेतली माणसं मोजायची. पाच माणसं असतील तर १/२ चा पाचवा घात, म्हणजे १/३२. प्रत्येक सामाईक पूर्वजासाठी वेगळी वाट धरायची आणि शेवटी बेरीज करायची. सख्ख्या चुलत भावंडांना आजी आणि आजोबा असे दोन सामाईक पूर्वज, म्हणून १/३२ अधिक १/३२, म्हणजे १/१६. याला एफ म्हणतात. अर्थ असा: मुलाच्या जनुकांपैकी सरासरी ६.२५ टक्के जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असतील.

नेहमी लागणारे आकडे:

मामा-भाची: १/८
दोन भावांची दोन बहिणींशी लग्नं झाली असतील तर त्यांची मुलं, म्हणजे चारही आजी-आजोबा तेच: १/८
सख्खी चुलत, मामे, आते, मावस भावंडं: १/१६
आजी एकच पण आजोबा वेगळे: १/३२
एकाच्या आई किंवा वडिलांची सख्खी चुलत, मामे, आते किंवा मावस बहीण वा भाऊ: १/३२
एकाची आई किंवा वडील आणि दुसऱ्याची आई किंवा वडील ही एकमेकांची सख्खी चुलत-मामे भावंडं: १/६४

चुका तीन ठिकाणी होतात. एक, माणसं मोजायच्या ऐवजी पायऱ्या मोजल्या जातात आणि उत्तर दुप्पट येतं. दोन, नातं दोन बाजूंनी असतं, आईकडूनही आणि वडिलांकडूनही, पण एकच वाट धरली जाते. तीन, आजी-आजोबाच एकमेकांच्या नात्यातले असतात आणि ते विसरलं जातं. पूर्वजाचा स्वतःचा एफ असेल तर त्या वाटेला (१ + त्याचा एफ) ने गुणावं लागतं. पिढ्यान् पिढ्या हे साचत गेलं की काय होतं, त्याचं टोकाचं उदाहरण स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स. वडील आईचे सख्खे मामा, म्हणून एफ १/८ यायला हवा. २००९ साली संशोधकांनी सगळ्या पिढ्या धरून हिशेब मांडला तर ०.२५४ आला. सख्ख्या भावाबहिणीच्या मुलाचा असतो त्याहून किंचित जास्तच.

शून्यशेष

अर्धवर्तुळ, पुरवणी जोडतो. ६.२५ ही सरासरी आहे. एकाच जोडप्याच्या दोन मुलांत कुणात ३-४ टक्के निघतील, कुणात १०. शिवाय लहान समाजात वर्षानुवर्षं आपापसातच लग्नं होत असतील तर कागदावरच्या नात्यापेक्षा खरं नातं जवळचं असतं. २००६ सालच्या एका अभ्यासात आईवडील सख्खी चुलत-मामे भावंडं असलेल्या ३८ रुग्णांचे जनुक तपासले. अप्रभावी आजार असलेलेच रुग्ण निवडले होते हे खरं, पण दोन्ही प्रती सारख्या असलेला भाग सरासरी ११ टक्के निघाला, कुणात २० पर्यंत.

याचा उलट अर्थही लक्षात घ्या. "आमचं काही नातं नाही" म्हणणारं जोडपं एकाच लहान समाजातलं असेल तर त्यांनाही वाहक तपासणीची तेवढीच गरज असू शकते.

काजळमाया

एक शंका. सगळ्याच आजारांचा धोका दुप्पट होतो का? की काहींचा जास्त, काहींचा कमी?

शून्यशेष

अजिबात सारखा नाही. सूत्र साधं आहे. सदोष प्रतीचं समाजातलं प्रमाण क्यू धरा. नातं नसलेल्या जोडप्याच्या मुलाला आजार होण्याची शक्यता क्यूचा वर्ग. नात्यातल्या जोडप्यात त्यात एफ गुणिले क्यू गुणिले (१ − क्यू) एवढी भर.

सदोष प्रत पन्नासात एक, म्हणजे वाहक भरपूर: २,५०० त एक वरून सुमारे ६१५ त एक. चौपट.
सदोष प्रत शंभरात एक: १०,००० त एक वरून सुमारे १,४०० त एक. सातपट.
सदोष प्रत हजारात एक: दहा लाखांत एक वरून सुमारे १६,००० त एक. साठपटीच्या वर.

आजार जितका दुर्मीळ तितकी नात्याने होणारी पट मोठी. आर्चिबाल्ड गॅरड यांना १९०२ साली नेमकं हेच खटकलं होतं. लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या विरळ आजाराच्या मुलांचे आईवडील वारंवार एकमेकांचे सख्खे चुलत-मामे भाऊबहीण निघत होते. अप्रभावी वारशाने माणसात आजार होतो हे पहिल्यांदा तिथून कळलं.

व्यवहारात याचे दोन अर्थ. थॅलेसेमिया, सिकलसेल, एसएमए (स्नायू कमजोर होत जाणारा मज्जातंतूंचा आजार) यांसारख्या वाहक भरपूर असलेल्या आजारांची तपासणी नातं असो वा नसो, करायलाच हवी. आणि नात्यातल्या जोडप्याला तेवढ्यावर थांबून चालत नाही, कारण त्यांचा जादा धोका मोठ्या अंशी शेकडो दुर्मीळ आजारांत विखुरलेला असतो. कुठलीच ठरावीक चार-पाच तपासण्यांची यादी तो पकडत नाही.

टिपकागद

नेहमी ऐकू येणारी वाक्यं एकदाच निकालात काढतो.

"रक्तगट वेगळे आहेत, मग काळजी नाही." रक्तगटाचं जनुक या आजारांच्या जनुकांपेक्षा वेगळं. रक्तगट जुळले काय, न जुळले काय, इथे काही कळत नाही. आई आरएच निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनचा विषय वेगळा, तो परक्यांच्या लग्नातही तितकाच.

"चार पिढ्यांत कुणाला काही नाही." चार पिढ्यांत कुणी नात्यात लग्नच केलं नसेल तर लपलेली प्रत वर यायला वावच मिळालेला नसतो. घराण्यात आजार नसणं ही चांगली खूण आहे, हमी नाही.

"पहिली दोन मुलं निरोगी आहेत, म्हणजे आपण सुटलो." एका विशिष्ट आजारासाठी दोघं वाहक असण्याची आधीची शक्यता सोळात एक असेल, तर दोन निरोगी मुलांनंतर ती अठ्ठावीसात एकच्या आसपास येते. कमी झाली, शून्य नाही.

"नात्यातल्या लग्नातून झालेल्या मुलाला पुढे कायमचा डाग." हा धोका मुलामुलातून साचत जात नाही. त्या मुलाने नात्याबाहेर लग्न केलं की त्याच्या मुलांचा एफ पुन्हा शून्य.

"आमचा आजार लहानपणी दिसला असता." काही अप्रभावी आजार उशिरा उगवतात. रातांधळेपणाने सुरू होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार, काही स्नायूंचे आजार, विल्सन डिसीज, हे दहाव्या-पंधराव्या वर्षी किंवा त्यानंतरही कळतात.

काजळमाया

मामेबहीण आणि चुलतबहीण यात फरक असतो का? की सगळं सारखंच?

अर्धवर्तुळ

पहिल्या बावीस जोड्यांतल्या गुणसूत्रांपुरतं सगळं सारखंच, चौघींसाठी १/१६.

एक्स गुणसूत्राचं गणित मात्र वेगळं, आणि मजेशीर आहे. वडील मुलाला एक्स देत नाहीत, त्यामुळे वाटेत दोन पुरुष लागोपाठ आले की वाट तुटते. पुरुषाने चुलतबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न केलं तर होणाऱ्या मुलीचा एक्सपुरता एफ शून्य. मामेबहिणीशी केलं तर १/८. मावसबहिणीशी केलं तर ३/१६, चौघींत सगळ्यात जास्त. मुलग्याला एक्सची एकच प्रत असते आणि ती फक्त आईकडून येते, म्हणून हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) किंवा डुशेन (स्नायूंचा आजार) यांसारख्या एक्सवरच्या आजारांत मुलग्यांचा धोका आईवडिलांच्या नात्याने बदलत नाही. पण "घरात हिमोफिलिया आहे" हे कळलं की होणारी आई वाहक आहे का हे स्वतंत्रपणे तपासावंच लागतं.

एकंदर धोक्यात एक्सचा वाटा लहान. यावरून "चुलत चालेल, मावस नको" असले नियम काढू नयेत.

वंशरेषा

तपासण्यांकडे धावण्याआधी वंशावळ काढा. कागद, पेन आणि दोन फोन एवढ्यात होणारं काम आहे, पण घाईत टाळलं जातं, आणि मग महागडी तपासणी चुकीच्या प्रश्नावर खर्ची पडते.

किमान तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, मृत्यूला तिरकी रेघ. गर्भपात आणि मृत जन्मही मांडायचे. नुसतं "घरात काही आजार आहे का?" विचारलं की उत्तर "नाही" येतं. म्हणून एकेक विचारा. पहिल्या वर्षात गेलेलं बाळ? जन्मतः बहिरं कुणी? वारंवार रक्त चढवावं लागणारं? रात्री न दिसणारं? चालायला उशीर झालेलं, किंवा चालायचं ते थांबलेलं? फिट्स? मतिमंदत्व? मूत्रपिंड किंवा यकृत लहान वयात निकामी झालेलं? एकाच घरात दोन भावंडांना सारखंच काही?

"न्यूमोनियाने गेलं", "कावीळ झाली होती" ही उत्तरं जशीच्या तशी मानू नका. जन्मतः नीट असलेलं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दूध ओढेनासं होऊन आठवड्याभरात गेलं असेल, आणि तसंच आणखी एक गेलं असेल, तर चयापचयाच्या आजाराचा संशय घ्यायचा. जुने कागद, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्टचे फोटो मागवा.

आता हिशेब बघा. नवऱ्या मुलाच्या सख्ख्या भावाला अप्रभावी आजार आहे, नवरा मुलगा स्वतः निरोगी. तो वाहक असण्याची शक्यता २/३. आजारी मुलाचे आईवडील दोघंही वाहक असणारच. नवरी मुलगी त्याची आतेबहीण असेल तर मुलाच्या वडिलांची बहीण वाहक असण्याची शक्यता १/२, तिच्या मुलीची १/४. होणाऱ्या मुलाला आजार होण्याची शक्यता २/३ × १/४ × १/४, म्हणजे चोवीसात एक. त्याच मुलाने परक्या मुलीशी लग्न केलं आणि त्या आजाराचे वाहक समाजात पन्नासात एक असतील तर तीनशेत एक. सरासरीच्या ६ टक्क्यांपेक्षा हा आकडा कितीतरी उपयोगाचा, आणि तो वंशावळीशिवाय निघत नाही.

नळीधारक

रक्ताच्या तपासण्यांबद्दल, कारण इथे घोळ खूप.

सुरुवात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी), दोघांची. एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ८० फेमटोलिटरच्या खाली, एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ पिकोग्रॅमच्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर, तर बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक, धरायचं. घोळ इथे होतात:

लोह खूप कमी असेल तर एचबीए२ खाली ओढलं जातं आणि मायनर सुटतं. आकडे विसंगत वाटले तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून, लोह भरून काढून पुन्हा तपासा. बी१२ किंवा फोलेट कमी असेल तर उलट एचबीए२ थोडं वर जाऊ शकतं. अलीकडे रक्त चढवलं असेल तर दात्याचंच हिमोग्लोबिन मोजलं जातं, तीन महिने थांबावं. एचबीए२ ३.३ ते ३.८ च्या पट्ट्यात घुटमळत असेल, आणि जोडीदार वाहक असेल, तर बीटा ग्लोबिन जनुकाची तपासणी करून टाका, अंदाज बांधत बसू नका. एमसीव्ही कमी, लोह ठीक, एचबीए२ नॉर्मल, असं असेल तर अल्फा थॅलेसेमिया आठवा. तो एचपीएलसीत सहसा दिसत नाही.

सिकलसेलसाठी नुसती सोल्युबिलिटी तपासणी (द्रावणात रक्त गढूळ होतं का ते बघणारी) पुरत नाही. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि जोडीदाराचं बीटा थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. एकाकडे सिकल आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमिया असलं तरी मूल आजारी होऊ शकतं. "दोघांचा आजार वेगळा आहे" म्हणून सोडून दिलेल्या अशा जोड्या खूप असतात.

एसएमएची वाहक तपासणी वेगळी मागावी लागते. एसएमएन१ जनुकाच्या प्रती मोजतात. मात्र एकाच गुणसूत्रावर दोन प्रती आणि दुसऱ्यावर शून्य असलेला वाहक "दोन प्रती, नॉर्मल" म्हणून सुटतो. म्हणून रिपोर्टमध्ये "उरलेला धोका" असा शब्द असतो, तो वाचायचा.

सरळरेघ (धागाकर्ती)

आणि मोठ्या पॅनलचं काय? शेकडो जनुकांची वाहक तपासणी किंवा एक्झोम (प्रथिनं बनवणारे जनुकांचे सगळे भाग एकदम वाचणारी तपासणी)? अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२१ साली नात्यातल्या जोडप्यांना, म्हणजे सख्खी चुलत-मामे किंवा त्यांच्या पुढच्या पिढीतली भावंडं असतील तर, दुर्मीळ आजार धरणारं सर्वांत मोठं पॅनल द्यावं असं सुचवलंय.

नळीधारक

शून्यशेष यांनी वर दाखवलंच, धोका दुर्मीळ आजारांत आहे, म्हणून पॅनल मोठं हवं. तीन गोष्टी पाळा.

पहिली, दोघांचे नमुने एकाच वेळी द्या. परक्या जोडप्यात आधी एकाचं करून मग दुसऱ्याचं फक्त त्या जनुकापुरतं केलं तर चालतं. नात्यातल्या जोडप्यात दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता जास्त, आणि एकेकाचं करण्यात महिना-दीड महिना जातो.

दुसरी, प्रयोगशाळेला नातं लिहून कळवा आणि "जोडपं म्हणून" विश्लेषण मागा. एकेकाच्या रिपोर्टमध्ये अर्थ निश्चित नसलेले बदल सहसा छापत नाहीत. दोघांकडे तोच बदल असेल तर मात्र त्याकडे बघावं लागतं.

तिसरी, काय सुटतं ते माहीत असू द्या. मोठे गळालेले तुकडे, जनुकाच्या आतल्या भागातले खोलवरचे बदल, पुनरावृत्तीचे आजार (जनुकातला तोच छोटा तुकडा जास्त वेळा आल्याने होणारे), आणि ज्यांची जुळी निकामी प्रत शेजारीच असते असे जनुक, उदाहरणार्थ जन्मजात अधिवृक्क विकारातला (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा आजार) सीवायपी२१ए२. नकारात्मक रिपोर्टने धोका घटतो, पुसला जात नाही.

वंशरेषा

नळीधारक, पूर्ण सहमत, पण क्रमाबाबत अडवते. घरात आजारी व्यक्ती हयात असेल तर पहिली तपासणी तिची, जोडप्याची नव्हे. तिच्यात नेमका बदल सापडला की जोडप्याची तपासणी एका जागेपुरती, स्वस्त आणि खात्रीची होते. हे न करता जोडप्याचं पॅनल केलं आणि काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा हेच कळत नाही. कदाचित तो जनुक पॅनलमध्येच नव्हता.

नात्यातल्या आईवडिलांच्या आजारी मुलात शोध थोडा सोपाही जातो. मायक्रोअरे (गुणसूत्रांवरच्या असंख्य खुणा एकदम वाचणारी तपासणी) केलं की दोन्ही प्रती सारख्या असलेले लांब पट्टे दिसतात, आणि दोषी जनुक बहुधा त्यातल्याच एका पट्ट्यात असतं. एक्झोमचे हजारो बदल त्यामुळे झपाट्याने गाळता येतात.

आणि बाळ अत्यवस्थ असेल, वाचण्याची आशा कमी असेल, निदान झालेलं नसेल, तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) नळीत २-३ मिली रक्त डीएनएसाठी राखून ठेवायला सांगा. गाळणकागदावर रक्ताचे ठिपके, गोठवलेला प्लाझ्मा आणि लघवी ठेवली तर आणखी उत्तम. हे बोलायला जड जातं, म्हणून राहून जातं. मग पुढच्या गरोदरपणात शोधायचं काय, हेच कुणाला माहीत नसतं.

काजळमाया

आणि जोडपं आधीच गरोदर असताना हे सगळं वाचत असेल तर?

ऋतुगंधा

मग वेळेचं गणित उलटीकडून मांडायचं.

वारेचा तुकडा घेऊन तपासणी, म्हणजे सीव्हीएस, ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान. गर्भजल तपासणी साधारण १६ आठवड्यांपासून. अनुभवी हातांत दोन्हींमुळे गर्भपाताचा जादा धोका अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण या दोन्ही तपासण्या "सगळं ठीक आहे का" असं सांगत नाहीत. कुठला बदल शोधायचा ते आधी ठाऊक हवं. एक्झोमला चार ते आठ आठवडे लागू शकतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात आलेल्या जोडप्याने म्हणूनच त्याच दिवशी दोघांचे नमुने द्यावेत आणि एचपीएलसीचा निकाल आठवड्याच्या आत हातात घ्यावा. सीव्हीएस करताना आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, याची तपासणी झालेली रिपोर्टमध्ये दिसायला हवी. मिसळल्या असतील तर वाहक आईचाच निकाल बाळाचा म्हणून येतो.

आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी गुणसूत्रांच्या संख्येसाठी असते. ती नॉर्मल आली म्हणजे नात्यातल्या लग्नाचा प्रश्न सुटला असं नाही. १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी नीट वेळ देऊन करून घ्या, हृदय धरून. पण चयापचयाचे आजार, बहिरेपणा, थॅलेसेमिया सोनोग्राफीत दिसत नाहीत.

फॉलिक ॲसिड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून १२ आठवड्यांपर्यंत. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल तर ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. अप्रभावी आजारावर याचा उपयोग नाही. ते घेतल्याने तपासणी टळते असं समजू नये.

सारखे सुरुवातीचे गर्भपात होत असतील तर सगळं खापर नात्यावर फोडू नका. अशा गर्भपातांत बहुतेकदा त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत चूक असते. जोडप्याचे कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), आईच्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या करू शकणारी प्रतिद्रव्यं), थायरॉइड, गर्भाशयाची रचना हे सगळं इतरांसारखंच बघायचं.

अर्धवर्तुळ

आयव्हीएफ करून गर्भ निवडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. दोघं एकाच जनुकाचे वाहक असतील तर तो पर्याय असतोच ना?

ऋतुगंधा

असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून तपासतात, गर्भ गोठवून ठेवतात, निकाल आल्यावर योग्य गर्भ आत सोडतात. चारात तीन गर्भ त्या आजारापुरते चालण्यासारखे असतात. वाहक गर्भही निरोगीच, तो टाकून द्यायचं कारण नाही.

नात्यातल्या जोडप्यात एक खास अडचण येते आणि ती आधी सांगितली जात नाही. इतक्या थोड्या पेशींत एखादी प्रत वाचायची राहून जाते, म्हणून सदोष जागेसोबत आजूबाजूच्या खुणाही वाचतात. त्या खुणांवरून ही प्रत आईची की वडिलांची, निरोगी की सदोष, ते ओळखतात. दोघांची सदोष प्रत एकाच आजोबांकडून आली असेल तर आसपासच्या खुणाही हुबेहूब सारख्या असतात, आणि ओळखायला काही उरत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेकडून पूर्वतयारीचा निकाल मागा: आमच्या दोघांत या जनुकाच्या दोन्ही बाजूंना उपयोगी खुणा पुरेशा आहेत का? त्यासाठी आजारी मुलाचा, नाहीतर आजी-आजोबांचा नमुना लागतो. आणि गरोदरपण राहिल्यावर सीव्हीएस किंवा गर्भजल तपासणीने खातरजमा करायचीच.

टिपकागद

जन्मानंतरचं राहिलं. नाळेतल्या नव्हे, टाचेतल्या रक्ताची तपासणी ४८ ते ७२ तासांत. थायरॉइड, अधिवृक्क, जी६पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम), जमलं तर टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने चयापचयाचे आजार. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, शंका असेल तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपाय सहाव्यापर्यंत. जन्मजात बहिरेपणात जीजेबी२ जनुक पहिल्यांदा तपासतात.

जन्मतः नीट असलेलं बाळ दुसऱ्या दिवसापासून झोपाळलं, दूध ओढेना, उलट्या, श्वास जलद, अंगाला किंवा लघवीला वेगळा वास, असं काही दिसलं तर "आईवडील नात्यातले आहेत" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगा. जंतुसंसर्गाचे उपचार चालू ठेवूनच साखर, रक्तातले वायू, लॅक्टेट आणि अमोनिया त्याच वेळी पाठवायला हवेत. अमोनियाचा नमुना दंड न आवळता घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि १५ मिनिटांत प्रयोगशाळेत पोचवायचा. उशीर झाला तर आकडा खोटा वाढतो.

काजळमाया

शेवटची शंका. जोडप्यात दोघं वाहक निघाले, तर बाकीच्यांना सांगायचं का?

वंशरेषा

हो, त्यांच्या संमतीने. दोघांची सख्खी भावंडं वाहक असण्याची शक्यता प्रत्येकी १/२, त्यामुळे लग्नाच्या वयाच्या भावंडांना रिपोर्टची प्रत द्या. त्यात जनुकाचं नाव आणि बदलाचं पूर्ण लिखाण असू द्या. "थॅलेसेमिया पॉझिटिव्ह" एवढ्यावरून दुसऱ्या प्रयोगशाळेला काही करता येत नाही. लहान मुलांची नुसती वाहक तपासणी आत्ता करू नका, मोठी झाल्यावर ती स्वतः ठरवतील. आजार लहानपणीच सुरू होणारा आणि उपचार असलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वाहक आहे का हे न बघता आजार आहे का ते बघायचं, आणि लगेच.